कर्ज फिटलं, मग पैसे जातात कुठे?

प्रश्न : मी ३७ वर्षांची आहे, एका खासगी रुग्णालयाच्या लॅबमध्ये नोकरी करते. हातात ४६,५०० रुपये पगार येतो. मिस्टरांचं दुकान बसलं तेव्हा माझ्या नावावर पर्सनल लोन काढलं, दोन क्रेडिट कार्डंही पूर्ण वापरून झाली. २०२१ मध्ये त्यातलं एक कार्ड सेटल केलं. ६१,००० बाकी होती, बँक ३८,००० वर तयार झाली. बाकी सगळं हप्त्यांनी फेडलं. दर महिन्याला १७,८०० रुपये जायचे. पाच महिन्यांपूर्वी शेवटचा हप्ता गेला. वाटलं, आता हात मोकळा होईल. पण दातांची एक बाजू करून घेतली, मुलीचा चष्मा आणि क्लास, वॉशिंग मशीन, आईकडे थोडे पाठवले, आणि वीस तारखेला खातं पूर्वीसारखंच रिकामं. सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीवरून मिळणारे गुण, ६८१ दाखवतोय. दोन-तीन वर्षांत घर घ्यायचं आहे. उरलेलं कार्ड कापून टाकू का? मिस्टर म्हणतात, हप्त्यावर फोन घे, सिबिल वाढेल. बँकेचे रोज फोन येतात की साडेचार लाख मंजूर आहेत. आणि धाकट्या दिरांना गाडीच्या कर्जासाठी मी जामीन राहायला हवी आहे. (नाव छापू नये.)

उत्तर :

नमस्कार ताई,

आधी वीस तारखेचा प्रश्न घेते. तो सुटला नाही तर सिबिलचं काही केलं तरी ते टिकणार नाही.

पाच महिन्यांचे १७,८०० म्हणजे ८९,००० रुपये. ते कुठे गेले हे तुम्ही पत्रात एका दमात सांगून टाकलंय, आणि त्यात मला उधळपट्टी कुठे दिसली नाही. कर्ज फेडत होता त्या वर्षांत बँकेचे हप्ते वेळेवर गेले, ते घरातली बाकीची कामं थकवून. दात दुखला की गोळी घेतली. चष्म्याचा नंबर वाढलाय हे कळत होतं, पण पुढच्या महिन्यावर ढकललं. आईला काही पाठवता येत नाही ही रुखरुख वेगळीच. हप्ता थांबला आणि ही सगळी थकबाकी एकदम दारात येऊन उभी राहिली. कर्ज फिटलेल्या वाचकांच्या पत्रांत मला हे वारंवार दिसतं, आणि जवळजवळ प्रत्येक जण स्वतःला दोष देत असतो. तुम्ही देऊ नका. फक्त या थकलेल्या कामांना आता रांगेत उभं करायला हवं.

एका कागदावर अशी सगळी कामं लिहून काढा, प्रत्येकापुढे अंदाजे रक्कम टाका. दातांची दुसरी बाजू, गळकी टाकी, गाडीचे टायर, जे असेल ते. एका वेळी एकच काम हातात घ्यायचं आणि नवं काही सुचलं तर ते यादीच्या तळाला जाईल. तळाला गेलेल्या अर्ध्या गोष्टींची दोन महिन्यांनी आठवणसुद्धा राहत नाही, हा या यादीचा खरा उपयोग.

आता बजेट. तुम्हाला ते नव्यानं शिकायची गरज नाही. ४६,५०० मधून १७,८०० वजा केले की २८,७०० उरतात. एवढ्या पैशांत आणि मिस्टरांकडून अधूनमधून जे येत होतं त्यात तुम्ही चार माणसांसमोर मान खाली न घालता घर चालवलंत. म्हणजे तुमचं घर कितीत चालतं हा आकडा तुम्हाला तोंडपाठ आहे. बहुतेकांना तो शोधायलाच सहा महिने खर्च लिहावा लागतो. पगाराचे ५०-३०-२० (टक्के गरजांना, हौसेला आणि बचतीला) असे भाग करा, असा सल्ला तुम्ही वाचला असेल. तो ज्यांना कुठून सुरुवात करावी हेच कळत नाही त्यांच्यासाठी बरा आहे. तुम्ही त्याच्या पुढे आहात.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे : हप्ता चालू ठेवा. तीच रक्कम, तीच तारीख. बँकेऐवजी तो आता तुमच्याकडे येईल. पूर्वी हप्ता ज्या तारखेला कापला जायचा त्याच तारखेची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन, म्हणजे दर महिन्याला पैसे आपोआप वळवायची बँकेला दिलेली सूचना, लावा. महिनाअखेरीस उरेल ते बाजूला टाकू, असं ठरवलंत तर काहीच उरणार नाही, हे पाच महिन्यांत दिसलंच आहे.

१७,८०० चे चार वाटे करा. ९,००० अडीअडचणीच्या पैशाला. ३,००० वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांना : शाळेची फी, गाडीचा आणि आयुर्विम्याचा हप्ता असं सगळं धरून तुमच्या पगाराच्या घरात साधारण ३६,००० होतात असं मी धरलंय, तुमचा आकडा वेगळा असेल तर तो घ्या आणि बाराने भागा. आणखी ३,००० थकलेल्या कामांच्या यादीला. राहिलेले २,८०० खर्च करायचे, कुणाला हिशोब न देता. हा शेवटचा वाटा वाचवायच्या मोहात पडू नका. इतकी वर्षं घट्ट मूठ धरलेल्या माणसाला कुठेतरी सैल व्हावंच लागतं, आणि त्याला जागा ठेवली नाही तर एक दिवस वीस हजारांची खरेदी होऊन बसते.

९,००० ज्या खात्यात जातील ते पगाराच्या खात्याहून वेगळं असू द्या, शक्यतो दुसऱ्या बँकेत. त्या खात्याला यूपीआय जोडू नका. पैसे काढायला थोडी खटपट करावी लागली तरच ते तिथे राहतात. तीन महिन्यांत २७,००० जमतील, म्हणजे जवळजवळ एका महिन्याचा घरखर्च. तोवर दुसरं काही करू नका.

मिस्टरांच्या उत्पन्नाबद्दल तुम्ही एका ओळीपलीकडे लिहिलेलं नाही, पण ते अनियमित असणार असं मी गृहीत धरते. अशा घरात भांडणाचं मूळ बहुधा एकच असतं : चांगल्या महिन्यात सगळे खर्च करतात आणि वाईट महिन्यात एकटा पगारदार माणूस खिंड लढवतो. त्यांची मिळकत आधी त्यांच्याच खात्यात साठू द्या आणि तिथून दर महिन्याला एक ठरलेली रक्कम घरात येऊ द्या, अगदी ६,००० असली तरी चालेल. चांगल्या महिन्यातलं जास्तीचं तिथेच थांबेल आणि वाईट महिन्यात तेच उपयोगी पडेल. कर्ज तुमच्या नावावर होतं, स्कोअर तुमचा पडला, त्यामुळे ही गोष्ट बोलायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता सिबिल. तुम्ही स्कोअर पाहिलात, रिपोर्ट पूर्ण वाचलात का? ६८१ हा आकडा ३०० ते ९०० च्या पट्टीवरचा आहे आणि ७५० च्या पुढे असलं की बँका साधारणपणे खूश असतात, इतकंच त्यातून कळतं. खरी माहिती आतल्या पानांवर असते. आपल्याकडे लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. चारही मागवा. घराचं कर्ज देणारी बँक उद्या कुठला उघडेल ते सांगता येत नाही. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्यानं स्कोअर कमी होत नाही, ही भीती काढून टाका. तुम्ही कर्जासाठी अर्ज केल्यावर बँक जेव्हा पाहते तेव्हा त्याची चौकशी म्हणून नोंद होते, आणि थोड्या दिवसांत अशा चार-सहा नोंदी झाल्या की माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय असं दिसतं.

रिपोर्टमध्ये प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे छोटे चौकोन असतात, सिबिलच्या रिपोर्टमध्ये ३६ महिन्यांपर्यंतचे. चौकोनात ००० असेल तर त्या महिन्यात काही थकलेलं नव्हतं. ०३०, ०६० म्हणजे तितके दिवस उशीर. तुमच्या पर्सनल लोनच्या खात्यासमोर क्लोज्ड लिहिलंय का आणि बाकी शून्य आहे का, ते चारही ठिकाणी पाहा. बँकेचं ‘नो ड्यूज’ (काही बाकी नाही) पत्र तुमच्याकडे असेलच, नसेल तर आधी ते मागा आणि ईमेलवरही घ्या. कर्ज फिटलंय आणि रिपोर्टमध्ये अजून चालू दिसतंय, हा प्रकार घडतो. तसं असेल तर त्या कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, पत्र जोडा, तक्रार क्रमांक जपून ठेवा. तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. एप्रिल २०२४ पासून हा नियम लागू आहे. बँकेनं किंवा त्या कंपनीनं दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला पैसे पडत नाहीत आणि वकीलही लागत नाही.

तुमचं खरं दुखणं मात्र ते २०२१ चं कार्ड. तिथे क्लोज्ड नाही, सेटल्ड लिहिलेलं असणार. बँकेच्या वसुली विभागातल्या माणसानं तेव्हा बहुधा ‘आता सगळं मिटलं’ असं सांगितलं असेल. तुमच्यापुरतं ते मिटलंही. पण रिपोर्ट वाचणाऱ्या पुढच्या बँकेला त्या शब्दातून एवढंच कळतं की या बाईंनी ६१,००० पैकी २३,००० दिले नाहीत. घराच्या कर्जाच्या फाइलवर बसलेला अधिकारी ६८१ कडे एक वेळ काणाडोळा करेल, या ओळीवर तो थांबणारच.

यावर उपाय आहे : राहिलेली रक्कम भरून खातं क्लोज्ड करून घेणं. तुम्हाला दोन-तीन वर्षांत घर घ्यायचं नसतं तर मी म्हटलं असतं, घाई नको. घर घ्यायचंय म्हणून मी म्हणेन, करा. पण अडीअडचणीचे २७,००० जमल्यावर. त्यांना हात लावायचा नाही. चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या महिन्याचे ९,००० या कामासाठी.

हे कसं करायचं ते जरा सविस्तर सांगते, कारण इथे फसगत होते. बँकेच्या तक्रार निवारण विभागाला ईमेल लिहा : अमुक खातं २०२१ मध्ये तडजोडीनं बंद झालं, उर्वरित रक्कम भरून मला त्याची नोंद ‘क्लोज्ड’ करून हवी आहे, नेमकी किती रक्कम भरायची ते लेखी कळवा. सोबत तेव्हाचं सेटलमेंट पत्र जोडा. ते कदाचित २३,००० वर व्याज आणि दंड धरून चाळीस-पन्नास हजार सांगतील. घाबरू नका, घासाघीस करा. बुडीत धरलेल्या खात्यातून येणारा प्रत्येक रुपया बँकेला वरकमाईच असतो. रक्कम ठरली की ‘एवढे भरल्यावर सर्व क्रेडिट कंपन्यांकडे स्टेटस क्लोज्ड असं कळवू’ हे वाक्य लेखी येईपर्यंत एक पैसाही भरू नका. फोनवरच्या शब्दाला किंमत नाही. पैसे थेट बँकेच्या खात्यात जातील, कुणा एजंटच्या यूपीआयवर नाही. बँकेनं ते कर्ज एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (अशा कंपन्या बुडीत कर्जं विकत घेतात) विकलेलं असेल तर रिपोर्टमध्ये त्या कंपनीचं नाव दिसेल, मग हाच सगळा व्यवहार तिच्याशी करायचा.

यानं जुने उशिराचे आकडे पुसले जात नाहीत. या कंपन्यांना माहिती किमान सात वर्षं ठेवावी लागते. ‘तीन महिन्यांत स्कोअर ७५० करून देतो, सेटल्डची नोंद काढून टाकतो’ अशा जाहिराती दिसतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. नोंद फक्त कर्ज देणारी संस्थाच दुरुस्त करू शकते, आणि चुकीची नसलेली नोंद कुणीच काढू शकत नाही. असे लोक फी घेऊन तुमच्या वतीनं तीच फुकटची तक्रार भरतात, वर तुमचा पॅन आणि ओटीपी त्यांच्याकडे जातो तो वेगळाच.

उरलेलं कार्ड कापू का, असं विचारलंत. माझं उत्तर नाही, पण एका अटीवर. ते कार्ड जुनं आहे, जुनं खातं वेळेवर चालू असणं तुमच्या बाजूनं बोलतं, आणि बाकी सगळी कर्जं बंद झाल्यावर दर महिन्याचे नवे ००० उमटायला तुमच्याकडे दुसरी जागाच नाही. त्यावर फक्त दोन ठरलेली बिलं टाका, विजेचं आणि मोबाइलचं. लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत राहावं असा एक ढोबळ आडाखा आहे, दोन बिलांत तुम्ही त्याच्या जवळपासही जाणार नाही. त्याचं बिल खात्यातून आपोआप भरलं जाईल अशी सोय करा. ती करताना ॲपमध्ये दोन पर्याय दिसतात, ‘टोटल अमाऊंट ड्यू’ आणि ‘मिनिमम अमाऊंट ड्यू’. टोटल निवडलंय ना, ते दोनदा पाहा. मिनिमम निवडलं तर उशिराचा शिक्का बसत नाही, पण राहिलेल्या रकमेवर व्याज सुरू होतं आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. महिना साडेतीन टक्के धरले तर १०,००० बाकीवर ३५० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३, म्हणजे एका महिन्यात ४१३ रुपये. हे तुम्ही भरपूर भरून झालंय.

अट ही की पहिले दोन-तीन महिने कार्ड पाकिटात ठेवायचं नाही, खरेदीच्या ॲपमधून त्याचा नंबरही काढून टाकायचा. तरीही हात वळवळायला लागला तर सरळ बंद करा. बंद करायची विनंती केल्यावर बाकी नसेल तर बँकेनं सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायलाच हवं, नाहीतर बँकेला रोज ५०० रुपये दंड तुम्हाला द्यावा लागतो. स्कोअर थोडा खाली जाईल. पुन्हा साठ हजारांच्या खड्ड्यात जाण्यापेक्षा ते परवडलं. (ज्या वाचकांकडे एकही कार्ड उरलेलं नाही आणि नवं कुणी देत नाही, त्यांनी मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घ्यावं. ठेव तारण असल्यानं ते सहज मिळतं आणि रिपोर्टमध्ये इतर कार्डांसारखंच दिसतं.)

साडेचार लाखांचे फोन : नको म्हणा आणि बँकेच्या ॲपमध्ये किंवा शाखेत जाहिरातीचे फोन बंद करायला सांगा. त्यांना तुमचं कर्ज फिटलेलं दिसतंय, हप्ता भरायची सवय दिसतेय, म्हणून तुम्ही त्यांना चांगलं गिऱ्हाईक वाटता.

दिरांना जामीन राहू नका. नात्यात हे अवघड असतं हे मला कळतं. पण भारतीय करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच धरली आहे, आणि हे कर्ज तुमच्याही रिपोर्टमध्ये दिसेल. त्यांचा हप्ता चुकला की डाग तुमच्यावर, आणि तोही तुम्ही घराचा अर्ज करायच्या सुमारास. सांगायला सोपं आणि खरं कारण आहे : ‘भाऊजी, माझ्या रिपोर्टवर जुनी सेटलमेंट आहे, माझं नाव लावलं तर तुमचंच कर्ज अडेल.’ यावर ते वाद घालतील असं वाटत नाही.

घराच्या अर्जात मिस्टर सहकर्जदार असतील तर बँक त्यांचाही रिपोर्ट काढेल. दुकानासाठी त्यांनी स्वतःच्या नावावर काही उचललं होतं का, कुठे जामीन राहिले होते का, हे आत्ता विचारा आणि त्यांचे चारही रिपोर्ट मागवा. दोन वर्षांनी बँकेच्या खुर्चीत बसून कळण्यापेक्षा आज जेवणानंतर कळलेलं बरं. त्यातही काही सापडलं तर वरचीच पद्धत, आणि त्याचा खर्च त्यांच्या खात्यातून.

राहिला फोन. हप्त्यावर घेतला तर रिपोर्टमध्ये आणखी एक छोटं कर्ज चढेल, ‘नो कॉस्ट’ असलं तरी ते कर्जच असतं. तुमचं कार्ड चालू असताना त्यासाठी नवं खातं उघडायचं काही कारण नाही. मिस्टरांना फोन खरंच हवा असेल तर थकलेल्या कामांच्या यादीत लिहा, दातांच्या दुसऱ्या बाजूनंतर. त्याची पाळी आली की महिन्याला ३,००० प्रमाणे सहा महिन्यांत १८,००० चा फोन रोखीनं येतो.